अक्काचा स्टेजवरचा नवरा

स्टेजवर अक्का माझ्या तोंडावरून नजर हटवत नसे. खलनायक सुरा घेऊन मागे उभा असला, तरी ती बघायची माझ्याकडेच. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरे, तिथल्या नाटकाला आलेल्या बाया डोळ्यांना पदर लावत. सानगडीत तर एका म्हातारीने मला चहाच्या टपरीवर गाठून सांगितलं, "बायको भेटावी त अशी." माझी खरी बायको शेजारीच उभी होती. "त्या बाईले तुमच्यात काय दिसते? मले त आजवर नाही दिसलं," एवढंच ती म्हणाली.

अक्का तेव्हा पन्नाशीला टेकली होती. आजा दंडारीच्या लोकनाट्यात नाचणारा, बाप पेटीमास्तर, आई नाटकातली नटी. "आमच्या घरचं लेकरू पाळण्यातबी सुरातच रडे," असं ती सांगे. आमच्या जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदियाकडची गावं निराळी झाली, पण अक्काला बोलावणी दोन्हीकडून येत.

आता माझ्याविषयी. मी फार मोठा नट आहे, असं मानणारा एकच माणूस कंपनीत होता आणि तो मीच. सगळ्यांची भाषणं मला पाठ, त्यामुळे समोरचा बोलू लागला की माझेही ओठ आपोआप हलत. दिग्दर्शक ओरडायचा, "अबे, तिचं भाषण तू कायले चावून राहिला?" दरवर्षी तो मला काढायला निघे आणि अक्का आडवी येई. "नवरा हाच पायजे. नाही त मी येत नाही." मी कॉलर ताठ करून गावभर फिरत असे.

शेवटी हे कौतुक डोक्यात गेलं. एका हंगामाआधी मी जाड मिशा वाढवल्या, पार खालच्या ओठापर्यंत. करडी गावात मेकअपच्या वेळी त्या पाहून अक्काचा चेहराच उतरला.

"बाबू, मिशा काढ."

"काहून? हिरो दिसतो ना!"

"काढ म्हणते ना."

मला वाटलं, बाई जळते. मी नाही काढल्या.

दुसऱ्या अंकात अक्का अडकली. विंगेतून प्रॉम्प्टर इतक्या मोठ्याने वाक्य सांगत होता की पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं. अक्काला मात्र नाही. ती माझ्या मिशांकडे बघत होती आणि घाबरली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पीळ देतोय असं दाखवून मी दोन्ही हातांनी मिशा वर धरल्या आणि तिचं वाक्य ओठांनी म्हटलं. अक्का खणखणीत बोलत सुटली. पुढचा सगळा अंक मी मिशा पिळत उभा होतो. लोकांना वाटलं, नवरा भलताच तापला आहे. आयुष्यातल्या माझ्या पहिल्या टाळ्या त्या.

नाटक संपल्यावर अक्काने सांगून टाकलं. "दोन्ही कान गेले, बाबू. कंपनीच्या मालकाले समजलं त घरी बसवन. मले दुसरं काही येतच नाही."

मी उजेडात सरकून, मिशा वर धरून विचारलं, "म्हणजे माझं काम तुम्हाले आवडते म्हणून नाही?"

"तुहं काम मी कधी पायलं? मी त ओठच पाहून राहिली होती."

सकाळी उठून मी न्हाव्याकडे गेलो. त्यानंतर अक्का कितीतरी हंगाम गाजली आणि कुणाला पत्ता लागला नाही. थांबली तीही गुडघ्यांमुळे, कानांमुळे नव्हे, आणि याचा तिला भारी अभिमान होता. मग एका उन्हाळ्यात ती गेली.

पुढच्या मंडईला नवी नायिका आली. गुणी पोर, कानही चांगले. सगळं नाटक ती लोकांकडे बघून बोलली. पडदा पडल्यावर मी विंगेत गेलो आणि अक्कासाठी पोटभर रडलो.