मामीच्या बॅकअपचं कुलूप

गुपित ही माणसाची शेवटची खासगी जमीन आहे, आणि तिच्या सातबाऱ्यावर दुसऱ्या कुणाचंही नाव चढत नाही.

हे वाक्य मी पिंपरी पेंढारच्या देवळाच्या सभामंडपात, खांद्यावरची शाल सावरत म्हटलं होतं. ज्येष्ठ नागरिकांना मोबाईलमधल्या धोक्यांची ओळख करून द्यायला मला बोलावलं होतं. मोबाईल मला पोटापुरताच कळतो, पण माझं आजोळ तिथलं आणि वक्ता फुकट मिळत होता. दीपप्रज्वलन झालं, सत्कार झाले, सत्कार करणाऱ्यांचे सत्कार झाले. उरलेल्या वेळात मी बोललो.

सांगायचं होतं ते सोपं होतं. चॅटचा बॅकअप म्हणजे आपल्या बोलण्याची एक नक्कल, ती लांब कुठेतरी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर पडलेली असते. तिला पासवर्डचं कुलूप घातलं, तर ज्याच्याकडे ती ठेवलीय त्यालाही ती वाचता येत नाही. मात्र पासवर्ड गेला की सगळं गेलं. मग कुणाच्या ओळखीचा उपयोग नाही. शेवटी, टाळ्यांवर डोळा ठेवून, मी म्हटलं, "असा पासवर्ड ठेवा, जो तुमच्या तोंडून चुकूनसुद्धा बाहेर पडणार नाही!"

टाळ्या पडल्या. त्याच संध्याकाळी मामीच्या फोनवर मी ते कुलूप चालू करून दिलं. पासवर्ड टाकताना तिने मला पाठ फिरवून बसायला लावलं आणि चष्मा लावून एकेक अक्षर शोधत तो स्वतः टाकला. "तोंडातनं निघायचाच नाय असला हाय," ती म्हणाली. मला वक्ता झाल्याचं समाधान वाटलं.

मामीच्या फोनमध्ये जपण्यासारखी एकच गोष्ट होती. तिची थोरली बहीण कळंबला असायची. दोघींना लिहायचा कंटाळा, म्हणून रोज सकाळी एकमेकींना बोलून मेसेज पाठवायच्या. बहीण गेली, मेसेज राहिले. भाकऱ्या थापताना मामी त्यातला एखादा लावायची आणि त्याला उत्तरंही द्यायची.

मग यंदा ठिबकचा कॉक फिरवायला ती वाकली आणि कमरेला खोचलेला फोन शेततळ्यात गेला. नवा फोन आला, पण त्याआधी मामीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, आणि स्क्रीनकडे बघायचं नाही असं डॉक्टरने बजावलेलं. चार दिवस थांब म्हटलं तर ऐकेना. बहिणीचं वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं आणि भाच्यांना आईचा आवाज ऐकवायचं तिने कबूल केलं होतं. म्हणून मला बोलावणं आलं.

मी फोन घेऊन बसलो. मामा शेजारी खाटेवर पेपर वाचत होते.

"हं, मामी. सांग पासवर्ड."

"सांगायचा नाय म्हणून तूच बोंबलत व्हतास ना देवळात?"

"मला सांगितलास तर चालतो."

"तुला चालतो रं. मला नको का चालायला?"

मी तिच्या बहिणीचं नाव विचारून पाहिलं. नाही. गावदेवीचं? नाही.

"म्हशीचं टाक," मामा पेपराआडून म्हणाले. "तिच्यावर लई जीव हाय हिचा."

"तुमी गप बसा!" मामी म्हणाली, आणि हनुवटीने त्यांच्याकडे खूण केली. मला कळेना. तिने पुन्हा खूण केली, या वेळी जरा चिडून.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. लग्न झाल्यापासून मामीने नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं नव्हतं. 'अहो', 'हे', 'आमचं मालक', फारच झालं तर 'ऐकलं का'. चुकूनही तोंडून न निघणारा शब्द ठेवा म्हटल्यावर तिच्यापाशी तो एकच होता.

"माझ्याकडं काय बघतोस?" मामा म्हणाले. "मला काय म्हाईत तिचा पासवर्ड?"

मी त्यांचं नाव टाकलं. चुकलं. आडनावासकट टाकलं, तेही चुकलं. स्क्रीनवर सूचना आली की आणखी चुका झाल्या तर हा बॅकअप कायमचा बंद होईल. सवयीने मी ती मोठ्याने वाचली.

मामी माझ्याकडे सरकली. "गेली का रं ताई?"

"अजून नाही. पण आता अंदाज नको. तुलाच सांगावं लागेल, मामी."

मामी उठली, काळ्या चष्म्यावरून पदर डोक्यावर घेतला आणि फ्रिजकडे तोंड करून उभी राहिली. नवऱ्याचं नाव घ्यायचा एकच रस्ता तिला ठाऊक होता.

"चाळीतल्या कांद्याला फुटले कोंब,
…रावांचं नाव घेते, मारू नका बोंब."

नाव मी गाळलं आहे, कारण ते अजून पासवर्ड आहे. अडलं होतं ते 'राव'पाशी. मामांना गावात कुणी राव म्हणत नाही, कागदावरही तसं नाही. तेवढं जोडून टाकलं, आणि मेसेज भराभर उतरायला लागले.

पहिलाच लावला. "अगं ए, उठलीस का? बिबट्यानं रात्री कुत्रं नेलं. आपलं नाय, शेजारच्यांचं. बरं, मेथीच्या लाडवाला गूळ किती घेतेस?"

"तुला दहांदा सांगितलं," मामी फ्रिजला म्हणाली आणि डोळ्यांना हात लावायचा नाही हे आठवून पदरानेच नाक पुसलं.

मामांनी पेपराची घडी घातली. "राव म्हणतेस व्हय मला?" बस, एवढंच. पण दिवसभर ते खुशीत होते.

निघताना मी मामीला म्हटलं की आता पासवर्ड तिघांना कळलाय, बदलून टाकू.

"नको," ती म्हणाली. "दुसरा नवरा कुठनं आणू?"

पुढच्याच आठवड्यात मामांनी ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवून घेतली. मागच्या फळीवर पिवळ्या अक्षरांत त्यांचं नाव आहे, रावासकट. आळेफाट्याला कांदा घेऊन जाताना मामीचा पासवर्ड मागच्या प्रत्येक गाडीला वाचता येतो.