तेहतीस घोटांचा धोंडा

पुण्याहून निघालो तेव्हा मांडीवरच्या पिशवीत माझं दिवसभराचं जेवण होतं. प्रथिनांच्या पावडरीचं पाणी भरलेली एक बाटली, साध्या पाण्याची दुसरी, आणि खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं तसलं तीस मिलीचं एक टोपण. एरवी माझ्या प्रवासाची सुरुवात कुठे काय खायचं याच्या यादीने होते. ही पहिलीच सहल अशी, जिच्यात मला काहीच चावायचं नव्हतं.

वजन कमी करण्यासाठी पोटाचा मोठा भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होऊन बारा दिवस झाले होते. अजून काही दिवस फक्त पातळ, तेही गाळलेलं. दर पंधरा मिनिटांनी एक टोपण, आणि ते टोपणसुद्धा सहा घोटांत. घाई केली की छातीच्या मधोमध कळ उठते. घास गिळला तर आतले टाके उसवायची भीती. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली ती गाडी चालवायची नाही आणि काही उचलायचं नाही, या अटींवर.

तरीही निघालो, कारण अधिक महिना लागला होता. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. तीन वर्षांनी एकदा येतो आणि तेव्हा जावयाला घरी बोलावून तेहतीस धोंड्यांचं (पुरण भरून उकडलेले कणकेचे गोळे) वाण देतात. पिंपरी पेंढारला राहणाऱ्या माझ्या सासूबाई ऐंशीच्या पुढे आहेत. फोनवर त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या धोंड्याला मी असंन का नसंन. एवढ्या बारीला या." यावर नाही म्हणायची माझी काय बिशाद! ऑपरेशनबद्दल माझ्या बायकोने, सुनंदाने, त्यांना 'पोटाचं बारीकसं होतं' इतकंच सांगितलेलं. त्या घाबरतील म्हणून.

सुनंदा गाडी चालवत होती. मंचर आलं तसं आम्ही आंबेगाव तालुक्याच्या भर बाजारपेठेत थांबलो. ती वडापाव घ्यायला गेली आणि मी एका ताकवाल्या मावशींसमोर टोपण धरलं.

"एवढ्याशानं काय व्हतंय, पावणं? चिमणीला पाजताय का?"

"ऑपरेशन झालंय, मावशी. गाळलेलंच चालतं."

मावशींनी पेला बाजूला ठेवला, धुतलेलं फडकं काढलं, ताकात पाणी घालून दोनदा गाळलं, मिरची-कोथिंबीर घातलीच नाही. टोपण भरता भरता म्हणाल्या, "आमच्या सासऱ्याला शेवटाला असंच पाजीत व्हते." आणि लगेच जीभ चावली, "तसं न्हाई वो! तुमाला शंभर वर्सं!" मला हसू आवरेना, आणि हसल्यावर टाके दुखले. पण ते ताक! कित्येक वर्षं मी ताक ढोसत आलो होतो. ते चाखलं त्या दिवशी.

नारायणगावात मिसळीचा वास काचा बंद करूनही आत आला. मी शिवनेरीच्या कड्याकडे बघत राहिलो आणि तो वास मनातल्या मनात सुनंदाला देऊन टाकला. उन्हाने सगळा मुलूख पिवळा पडला होता. मध्येच कालव्याचं पाणी मिळालेला ऊस इतका हिरवा, की डोळे निवावेत. उसाच्या कडेला 'बिबट्यापासून सावध' असा फलक, आणि त्याच फलकाच्या सावलीत एक म्हातारबाबा खुशाल झोपलेले. इथल्या माणसांच्या छातीचं मला नेहमीच कौतुक वाटतं.

लेण्याद्रीला सुनंदा वर दर्शनाला गेली. मी दहा-बारा पायऱ्या चढून कठड्यावर बसलो. डोंगराच्या पोटात ओळीने कोरलेली लेणी खालूनच बघितली. एवढा कातळ हाताने पोखरायचा म्हणजे त्या लोकांना घाई कसली ती ठाऊकच नसणार. घड्याळ बघून मी प्रथिनांची बाटली बाहेर काढली, आणि एका वानराने ती अलगद माझ्या हातातून नेली. झाडावर बसून त्याने झाकण काढलं, हुंगलं, एक थेंब चाटला आणि बाटली सरळ खाली ओतून दिली.

जवळ बसलेला एक डोलीवाला पोट धरून हसला. "राव, असलं काय पिता? वानराला बी न्हाई आवडलं!"

हसण्यासारखंच होतं, पण माझं दुपारचं जेवण मातीत गेलं होतं आणि धोंड्यांचं ताट तासाभरावर आलं होतं.

पिंपरी पेंढारला कांद्याच्या चाळीशेजारी सासूबाईंचं घर आहे. त्या दारातच उभ्या होत्या. पाट मांडलेला, तांब्याच्या ताटात तेहतीस धोंडे, मधोमध दिवा, शेजारी तुपाची वाटी. मला ओवाळलं आणि पहिला धोंडा तुपात बुडवून पुढे केला. "घ्या, जावईबापू."

"नको, आई. खरंच चालत नाही."

"नको कोन म्हनत न्हाई? तुमचे सासरे तीन डाव नको म्हनायचे आन मग बारा खायचे."

माझी पंचाईत इथेच होती. या भागात पाहुण्याचे पहिले तीन नकार मोजतच नाहीत. ती रीत आहे. पाहुण्याने नको म्हणायचं आणि यजमानाने वाढायचं. मी चौथ्यांदा नको म्हणालो, पाचव्यांदा म्हणालो, तशी त्यांचा हात खाली आला. चेहरा एवढासा झाला. "माझ्या हातचं ग्वाड लागंना का आता?"

माझ्याच्याने ते बघवेना. मी सरळ सदरा वर केला आणि पोटावरच्या पाच पट्ट्या दाखवल्या. सासूसमोर सदरा वर करणारा मी त्या पंचक्रोशीतला पहिलाच जावई असेन.

सासूबाईंनी लेकीकडे असं बघितलं, की सुनंदा, पन्नाशीला आलेली बाई, मान खाली घालून उभी राहिली. "एवढं कापलं आन मला बारीक म्हून सांगितलं?" मग माझ्याकडे वळून, "का केलं वो?"

"चार पायऱ्या चढलो की धाप लागायची, आई. असंच चाललं तर पुढचं काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले."

त्या उठून आत गेल्या. रागावल्या असंच मला वाटलं. परतल्या त्या हातात पातेली घेऊन. पुरणाची डाळ शिजली की निथळून काढतात ती येळवणी (डाळीचं पाणी) आमटीसाठी बाजूला ठेवलेली होती. अजून फोडणी पडायची होती. ती त्यांनी फडक्यातून तीनदा गाळून आणली होती.

"धोंडा काय आन येळवणी काय, एकाच डाळीचं. तेहतीस घोट घ्या. वाण पुरं व्हईल."

मी टोपण काढलं. त्यांनी समोर बसून मूठभर कच्ची हरभऱ्याची डाळ घेतली आणि माझ्या दर घोटाला एक दाणा ताटात ठेवायला सुरुवात केली. पाचव्या दाण्याला माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून त्यांच्या पोटात काही नाही. वाण घेऊन जावई उठल्याशिवाय सासू जेवत नाही.

"आई, तुम्ही जेवून घ्या ना. मला दीड तास लागेल."

"लागू द्या."

आत भांड्यांचा आवाज आला आणि माझा मेहुणा दत्तू डोकावला. "आई, आमी तरी बसू का?"

"गप ऱ्हा. जावई जेवत्यात."

ऐंशी ओलांडलेली बाई माझ्यासाठी उपाशी बसली आहे या विचाराने मी दोन घोट एकदम घेतले. छातीत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. सासूबाईंनी पाठीवर हात ठेवला आणि कळ जाईपर्यंत काढला नाही.

"घाई कुनाला हाय? मला का यष्टी धरायचीय?"

मग मी घाई सोडली. त्या बोलत राहिल्या. बाळंतिणीला हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं कसं द्यायचं, तापातल्या माणसाला कळणाचं पाणी कसं, पश्चिमेकडच्या डोंगरातल्या लोकांची नाचणीची आंबील कशी असते. हॉस्पिटलने मला दिलेला छापील तक्ता एका पानाचा होता. या बाईला न चावता जगवण्याच्या एवढ्या वाटा ठाऊक होत्या, आणि त्यातली प्रत्येक तिने कुणाला ना कुणाला हाताने पाजली होती. मला फार कृतज्ञ वाटलं, आणि मी ते त्यांना सांगितलंही. त्या म्हणाल्या, "बोलू नका, घोट घ्या. बावीस झाले."

तेहतिसावा दाणा ठेवला आणि सासूबाईंनी ताट स्वतःकडे ओढलं. तुपात बुडवून अख्खा धोंडा खाल्ला, मग दुसरा. मी बघत बसलो. आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचं जेवण बघून माझं पोट भरलं.

निघताना त्यांनी माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. मोजलेली डाळ होती. "एरंडेल चोळलंय, कीड लागायची न्हाई. पुढच्या धोंड्याला संगं आना. हीच पुरणात घालीन. तवा मातर चावून खायचं."

पुढच्या धोंड्याला असेन का नसेन, असं म्हणणाऱ्या बाई त्या याच. मी त्याची आठवण करून दिली नाही.

संध्याकाळी पुण्यात पोचलो. तीन वर्षांनंतरचं आमंत्रण मी कित्येक वर्षांत कुणाचं घेतलं नव्हतं. तितकं लांबचं बघायची माझी छातीच नव्हती. टोपण भरून टेबलाशी बसलो आणि घोटाघोटाच्या मधल्या वेळात पुरचुंडी सोडून दाणे मोजले. चौतीस भरले. पुन्हा मोजले, तरी चौतीसच. सुनंदाने आईला फोन लावून दिला.

"आई, एक दाणा जास्त आलाय."

"जास्त न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "त्यो माझा हाय. तुमच्या संगं मला बी जेवायचंय तवा."