तिकिटावर एक घागर

दुष्काळात घरातलं सगळं आटत जातं, गोष्टी तेवढ्या साठतात. नळाला हवा, आडाला चिखल, आणि आम्ही बायका रांगेत. बोलण्याशिवाय करणार काय? लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमचे हे नव्या कचेरीतून आले की म्हणायचे, "साहेब आले, जीप आली, पाटी लागली." मी विचारायची, "अन् पाणी?" हे चपला काढायला खाली वाकायचे.

* * *

आम्हा पाच-सात जणींचे सोळा सोमवार चालू होते. महादेवाला अभिषेक करायचा तर घागरभर तरी पाणी हवं. बोअर चालू होती ती फक्त टॉकीजची. मालकानं युक्ती काढली, दुपारच्या खेळाला बायकांच्या तिकिटावर एक घागर पाणी. खेळ सुटेपर्यंत गेट मात्र बंद.

सिनेमा निजामाच्या काळावरचा, नुसती कापाकापी. पाण्यापायी गर्दी हटेना, म्हणून आठवडेच्या आठवडे तोच चालला. त्याच्या डायरेक्टरनं लग्नाची बायको टाकून हिरॉइनसोबत घर केलेलं. पेपरात फोटोसकट आलं होतं.

"बायको टाकलेल्या माणसाचा सिनेमा बघायचा न्हाई," महानंदाकाकूंनी सांगितलं. त्या आमच्यात मोठ्या. सगळ्यांनी सुमित्राकडं बघितलं. तिचा नवरा कामाला म्हणून सोलापूरला गेला नि तिथंच दुसरीसोबत राहिला. तो परत यावा म्हणून तिचे सोमवार.

पुढच्या सोमवारी टँकर आला नाही. काकू म्हणाल्या, "पाणी घ्यायचं अन् आत डोळे मिटून बसायचं."

सुमित्रा तेवढी आली नाही. तिला आम्ही तांब्या-तांब्या पाणी देऊ लागलो.

आम्ही डोळे मिटून बसलो. मध्यंतराच्या आधीच काकू ओरडल्या, "अरे, मागं बघ की!"

* * *

एकीला शंका आली, पडद्यावरचं रक्त उपवासाला चालतं का? देवळातल्या म्हाताऱ्या गुरवमामांना विचारलं.

मामा समई पुसत होते. "मी निजामाच्या वेळचं खरं बघितलंय, बाई," ते म्हणाले. "त्या दिवशी गावात कुणीच जेवलं न्हाई."

* * *

घागरी आम्ही पायाशी ठेवायचो. रक्ताची सावली पडून अभिषेकाचं पाणी विटाळलं तर, ही काकूंना धास्ती. कत्तल सुरू झाली की त्या कुजबुजायच्या, "झाका गं." आम्ही वाकून घागरींवर ताटल्या ठेवायचो. पडद्यावर तलवारी निघाल्या की थेटरात ताटल्या वाजायच्या.

मागच्या बाकावरून एक गडी म्हणाला, "मावशी, तिकडं लोकं मरायलेत अन् तुम्ही काय जेवायला बसलात?"

* * *

पण सिनेमा चांगला होता, हे मी आजही म्हणते. वेशीवर शत्रू आलेले, एक बाई चूल सारवत बसलेली. नवरा घोड्यावर बसून निघून जातो, मागं वळून बघत नाही. ती सारवणं थांबवत नाही. त्या संध्याकाळी मला चुलीपुढं बसवेना.

"असल्या माणसाला हे कसं सुचलं असंल?" मी काकूंना विचारलं.

"मला काय ठाऊक. मला तर लई शिव्या द्यायच्या होत्या त्याला," म्हणून काकूंनी पदरानं डोळे पुसले.

* * *

सुमित्राचा शेवटचा सोमवार आला. "आज उसनं पाणी नको," म्हणाली नि आमच्यासोबत आत आली. मी मनात महादेवाचा धावा करत शेजारी बसले. ती सारवणारी बाई आली तेव्हा सुमित्राचा हात धरावा वाटला, पण तिचे दोन्ही हात घागरीच्या काठावर होते. ती रडली नाही. मग तलवारी निघाल्या, ताटल्या वाजल्या. तिची घागर उघडीच.

"झाक की गं," काकू म्हणाल्या.

"राहू द्या, काकू."

देवळाकडं जाताना उन्हात तिनं एवढंच विचारलं, "त्याच्या बायकोनं बघितला असंल का हा सिनेमा?"



गुरवमामांनी घागर हातात घेतली नि नेहमीसारखं विचारलं, "कुणाच्या नावानं घालू?" दर सोमवारी ती मान खाली घालून नवऱ्याचं नाव घ्यायची.

"त्या सिनेमावाल्याच्या बायकोच्या."

मामांचा हात थांबला. "नाव काय तिचं?"

सुमित्रानं आमच्याकडं बघितलं. पेपर आम्ही सगळ्यांनीच वाचला होता.

"ते कुणी छापलंच न्हाई, मामा," ती म्हणाली. "तसंच घाला."