सहा महिने न बोललेला फौजी

शिक्षक मंडळींनो, आज कुंडलच्या शाळेत सुट्टीवर आलेला एक फौजी बाप माझ्याशी भांडायलाच आला.

"आवं बाई, पोरगी तिसरीत हाय. इंग्रजीचा एक शब्द बोलत न्हाई."

मी त्यांच्यासमोरच तिला इंग्रजीत सांगितलं, खिडकी उघड आणि निळी वही आण. तिनं मुकाट्यानं दोन्ही केलं.

मग विचारलं, "भरती झालात तेव्हा हिंदी यायची?"

"कुठलं? पयलं सा म्हैनं नुसतं ऐकायचो. कवायतीचा उस्ताद हिंदीत म्हणंल तसं करायचो. बोलाय लागलो नंतर."

"तेव्हा तुम्हाला कुणी ढ म्हणालं?"

त्यांनी पोरीच्या हातातली निळी वही घेतली. "बोलंल मग. घाई न्हाई."

डी.एड.च्या पुस्तकात हेच होतं: मूल नवी भाषा आधी ऐकून समजतं, बोलतं नंतर.

वर्गात गप्प मूल दिसलं की तुम्ही काय समजता? येत नाही, की ऐकतंय?