आज खो मिळूनही आमच्या पोरी उठल्या नाहीत

मंडळी, आत्ताच गंगाखेडच्या मैदानावरून दवाखान्यात जाऊन घरी आलेय.

माझी गौरी खो-खो खेळते. आज सरावाला तिची मैत्रीण आरती लंगडत पळत होती. नडगी टम्म सुजलेली. तिनं सरांना दाखवली, तर सर म्हणाले, "नाटकं बंद कर! दुखल्याशिवाय खेळाडू होत नसतं." आणि पोटरीवर सपकन छडी!

आरती रडत पुन्हा पळायला लागली. रांगेत बसलेल्या गौरीला तिनं खो दिला. गौरी उठलीच नाही! दुसरीला दिला, तीही बसूनच. खो मिळाला की विचार न करता उठणाऱ्या पोरी या, आणि अख्खी रांग जागची हलेना!

सर ओरडले. गौरी बसल्या जागेवरून म्हणाली, "सर, पळून पाय दुखले म्हणून आमी कधी थांबलो का? पण हिचा पाय सुजलाय. हिला दवाखान्यात न्या, मग उठतो आमी."

सरांनी छडी उगारली. पालकांनी चुन्याच्या रेषेच्या आत यायचं नाही, हा त्यांचा नियम. आरतीची आई चपलेसकट आत घुसली आणि तिनं छडीच हिसकावली. मग रेषेबाहेरचे आम्ही सगळे पालक धावलो, आरतीला दवाखान्यात नेलं.

हाडाला बारीक चीर आहे. डॉक्टर म्हणाले, अजून पळाली असती तर मोडलंच असतं.

लय अभिमान वाटायलाय पोरींचा! पण ती छडी आम्ही रोज रेषेबाहेरून बघत होतो. आम्हाला उठायला कुणाचा खो हवा होता हो?