धुतल्या भिंतीवरचा ओघळ

मी डूख धरणारी बाई आहे. तोंडानं गोड बोलते, सणाला ताट झाकून शेजारी पाठवते, पण मनात एकदा बसलं की बसलं. आमच्या अपार्टमेंटच्या चेअरमनवर मी डूख धरला तो आमचे हे हयात असताना. ते गेल्यावर तो कमी होईल असं मला वाटलं होतं, उलट वाढला. चेअरमनला मी तोंडावर अहो-जाहो करते, वहिनीपणा सांभाळते. इथं लिहिताना मात्र करणार नाही.

आमची बिल्डिंग कळंब्याच्या रस्त्याला आहे. खाली पार्किंग, वर चार मजले. आम्ही पहिल्यावर. आमच्या डोक्यावरचा दुसऱ्या मजल्याचा फ्लॅट कायम बंद, मालक पुण्यात. त्याच्यावर तिसऱ्याला चेअरमन. कोल्हापूरच्या पावसाला भिंतींची दया नाही. रंग दिल्यावर दोन-तीन पावसाळे गेले की भिंत म्हशीच्या पाठीसारखी काळी होते आणि तिच्यावर शेवाळ चढतं. मागची, पार्किंगकडची बाजू तर आधी काळी होते, कारण तिकडं ऊन येत नाही. पुढचं सगळं घडलं ते ह्याच मागच्या भिंतीवर.

हे वारणानगरला नोकरीला होते. रोज स्टँडपर्यंत स्कूटरनं आणि पुढं एसटीनं जायचे-यायचे. मोजकं बोलायचे. त्यांना शौक एकच, रात्री जेवण झाल्यावर एक विडा. पितळेची डबी होती त्यांची. पान, चुना, कात, सुपारी, वर चिमूटभर बडीशेप. तंबाखूचा कणसुद्धा नाही. विडा चघळून झाला की उठायचे, बेसिनमध्ये थुंकायचे, तांब्याभर पाणी ओतून बेसिन पांढरं करायचे आणि झोपायचे. आख्ख्या संसारात मी त्या बेसिनला कधी लाल डाग बघितला नाही.

एका वर्षी आमच्या मागच्या खिडकीशेजारी, आम्ही हातानं शेवाळ खरवडायचो तेवढ्या भिंतीवर, लाल ओघळ दिसायला लागले. खाली पार्किंगच्या भिंतीपर्यंत यायचे. सोसायटीची मीटिंग भरली, पार्किंगमध्येच, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. चेअरमन उभा राहिला. ह्यानं तंबाखूचं पान सोडल्याचं भर मंडपात जाहीर केलेलं. गणपतीत पोरांना व्यसनमुक्तीवर भाषण ठोकायचा. गळ्यात माळ, कपाळाला गंध. तो म्हणाला, "मी कुणाचं नाव घेत न्हाई. पण पानाची डबी कुणाच्या घरात हाय, ते सगळ्यांना ठाऊक हाय की."

सगळ्यांच्या माना आमच्याकडं वळल्या. हे उठून म्हणाले की मी खिडकीतून आयुष्यात कधी थुंकलेलो नाही. मागं कुणीतरी हसलं. हे खाली बसले, आणि त्यांचे कान लाल झालेले मी बघितले.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या खिडकीच्या बरोबर खाली, पार्किंगच्या भिंतीला देवांच्या टाइल्स बसल्या. गणपती, शंकर, क्रूस, मशीद, सगळे एका ओळीत, म्हणजे तिथं थुंकायची कुणाची छाती होणार नाही. ह्यांची स्कूटर लावायची जागा तीच. रोज कामावर जाताना आणि येताना आपल्यासाठी बसवलेल्या त्या देवांचं तोंड बघायचं, अशी ती शिक्षा होती.

आणि थुंकी थांबली नाहीच. आता ती देवांवर पडायला लागली. हे सकाळी फडकं ओलं करून टाइल्स पुसायचे, वरची भिंत खिडकीतून हात पोचेल तिथवर घासायचे. पाणी वरनं नेताना जिना ओला होतो म्हणून त्यांनी आमच्या म्युनिसिपालटीच्या लाइनीवरनं पार्किंगमध्ये एक नळ काढून घेतला. तो बंद-चालू करायची चावी आमच्या गॅलरीत ठेवली. घासून घासून तेवढ्या जागेवर शेवाळ धरेना, त्यामुळं लाल डाग दिसायचा तो फक्त आमच्याच खिडकीपाशी. वरची सगळी भिंत काळी कुळकुळीत, तिच्यावर काय दिसणार? येणारे-जाणारे ह्यांना फडकं मारताना बघायचे. चौथ्या मजल्यावरची बाई मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली, पाप धुतोय माणूस.

ह्यांनी विडा सोडला. डबी कपाटावर टाकली. मी भांडले, तुमची चूक नसताना का सोडता म्हणून. ते म्हणाले, "खायचं आणि ऐकून घ्यायचं, त्यापेक्षा नकोच ते."

कोण थुंकतं ते मला माहीत होतं. सकाळी वरनं पूजेची घंटा यायची, घंटा थांबली की खाकरा, आणि खाकऱ्यानंतर थुप्. आमच्या त्या खिडकीच्या सरळ रेषेत, तिसऱ्या मजल्यावर, चेअरमनचं देवघर आहे. सोवळ्याच्या नावाखाली तो दार लावून घेतो, बायकोलासुद्धा आत येऊ देत नाही. मी दोघीचौघींना सांगून बघितलं. त्यांनी माझ्याकडं अशी काही नजर टाकली, जणू मीच देवाला शिवी दिली. चेअरमनसाहेब, आणि तेही देवघरात? मग मी सांगणं सोडलं.

पुढं हे गेले. एसटीतून उतरले आणि स्टँडवरच बसले ते उठले नाहीत. दहाव्याच्या आधी चेअरमन भेटायला आला. खुर्चीवर बसून, सुस्कारा टाकून म्हणाला, "भला माणूस होता. आता एखादी खोड असतीच की माणसाला." त्या वेळी माझ्या हातात काही जड वस्तू नव्हती, हे त्याचं नशीब.

त्यानंतरही लाल ओघळ येतच राहिले. मला वाटलं, आता तरी लोकांचे डोळे उघडतील. तर लोक म्हणाले, जुने डाग आहेत, ओल आली की परत फुटतात. म्हणजे माझा नवरा मेल्यावरसुद्धा थुंकत होता! त्या टाइल्स मी पुसायला लागले, ह्यांच्याच फडक्यानं. पुसताना रोज मनात एकच यायचं, की चेअरमनला मी सोडणार नाही. कसं, ते मात्र सुचत नव्हतं.

गेल्या वर्षी तुळशीची लग्नं झाली आणि चेअरमनच्या मुलाचं जमत आलं. मुलीकडचे घर बघायला येणार होते. तेव्हा ह्याला अचानक दिसलं की बिल्डिंग काळी पडली आहे. घाईघाईनं ठराव झाला आणि पेठ वडगावचा एक माणूस मशीन घेऊन आला, जोराच्या पाण्यानं भिंती धुणारा. नेमकी बोअरची मोटार जळलेली. टाकीतलं पाणी पाहुण्यांसाठी राखून ठेवायचं होतं. राहिला तो पार्किंगमधला आमचा नळ. चेअरमन स्वतः दारात आला, वहिनी, दोन दिवस नळ लागंल म्हणाला. मी दिला. तेव्हा माझ्या मनात खरोखर काही नव्हतं.

मागची भिंत आधी घेतली. गच्चीवरनं दोर सोडून मशीनवाल्याचा गडी फळीवर बसला, हातात लांब नळीची बंदूक. खाली मशीन सुरू झालं तसं आमच्या खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. पाणी लागेल तिथं शेवाळ सालीसारखं सुटत होतं, काळ्या पाण्याचे लोट पार्किंगमध्ये येत होते. मी पदर खोचून खालीच उभी होते. चौथा मजला धुऊन निघाला. आतनं जुना फिका पिवळा रंग वर आला, त्याच्यावर एक डाग नाही. मग गडी तिसऱ्यावर उतरला.

देवघराच्या खिडकीखालचं शेवाळ निघालं आणि त्याच्याखाली लाल होतं. गड्यानं परत पाणी मारलं. लाल आणखी उजळ झालं. तो खाली खाली येत गेला तसा ओघळ त्याच्याबरोबर उतरत आला. खिडकीच्या कडेशी हातभर रुंद, मग निमुळता होत बंद फ्लॅटवरनं थेट माझ्या खिडकीशेजारी आणि तिथनं देवांच्या डोक्यावर. वरच्या मजल्याची भिंत कोरी, दोन्ही बाजू कोऱ्या, मधोमध तेवढी एक वाट. इतकी वर्षं ते सगळं शेवाळानं झाकून ठेवलं होतं. मी ह्यांच्या स्कूटरच्या जागेवर बसून घेतलं.

मशीनवाल्यानं मशीन बंद केलं. शेवाळ पाण्यानं जातं, हे मुरलंय, उद्या औषध लावून परत मारू, म्हणाला. चेअरमन आणि त्याची बायको तेव्हा पाहुण्यांची खरेदी करायला गेले होते, ते अंधार पडल्यावर आले.

सकाळी मी गॅलरीत जाऊन नळाची चावी बंद केली. मशीनवाल्यानं हाक मारली. मी खिडकीतून सांगितलं की आज नळ मिळणार नाही. पाणी आलं नाही, असं खोटं बोलले नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं आणि नळी गुंडाळली. कळंब्याला त्याचं दुसरं काम होतं.

थोड्या वेळानं चेअरमन दारात. तोवर त्यानं भिंत बघितली होती.

"वहिनी, नळ सोडा की. पावणं यायचं हायत."

"उद्या सोडते."

"आज काय झालं?"

"आज माझी इच्छा नाही."

तो माझ्याकडं बघत राहिला आणि त्याला समजलं. त्याचा चेहरा उतरताना मी अगदी सावकाश बघितला. मला फार बरं वाटलं. ह्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही.

मग त्यानं देवघराच्या खिडकीतून एक चादर खाली सोडली. थोड्याच वेळात बायकोनं शेजारच्या खिडकीतून ती बघितली आणि त्याला आत ओढायला लावली. पाहुणे यायच्या वेळेला चादरी कसल्या वाळत घालताय, असा तिचा आवाज खालपर्यंत आला. त्यावर तो काय सांगणार होता?

पाहुणे आले तेव्हा मी मुद्दाम पार्किंगमध्ये टाइल्स पुसत होते. चेअरमन आणि त्याची बायको सामोरे आले. मुलीचा मामा पांढऱ्या टोपीचा, वारणेकाठचा शेतकरी, आवाज मोठा. उतरल्या उतरल्या कमरेवर हात ठेवून त्यानं बिल्डिंग न्याहाळली, बरी हाय म्हणाला, आणि मग त्याची मान तिसऱ्या मजल्यावर थांबली. ती खिडकी कुणाची, त्यानं विचारलं.

चेअरमनच्या बायकोनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आमच्या देवघराची. हे रोज सकाळी तास तास बसत्यात तिथं. आमाला कुणाला आत येऊ देत न्हाईत."

मामाची नजर खिडकीपासून ओघळाबरोबर खाली खाली आली, माझ्या हातातल्या फडक्यापर्यंत. चेअरमन घाईनं हसला.

"ते जुनं हाय. पहिल्या मजल्यावर एक गृहस्थ होते, त्यांना पानाची सवय. वारले ते."

हे तो माझ्यासमोर म्हणाला. माझ्या हातात त्याच माणसाचं फडकं होतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाच बोलला.

"पावणं, पयल्या मजल्यावरचा माणूस तिसऱ्या मजल्यावर थुकतोय व्हय?"

मुलीकडच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला. चेअरमनच्या बायकोनं वर खिडकीकडं बघितलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं. मग ती पाहुण्यांना तिथंच सोडून एकटी जिना चढून गेली.

लग्न मोडलं नाही. मोडावं असं मलाही वाटत नव्हतं, पोरगं गुणी आहे. पण मामाचं वाक्य संध्याकाळपर्यंत घरोघर पोचलं. चौथ्या मजल्यावरची ती बाई माझ्याकडं येऊन बसली, आमचं चुकलंच म्हणाली. मी तिला असू दे म्हटलं नाही, आणि चहाही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी मशीनवाला आला आणि त्याच्या मागोमाग चेअरमन. नळाचं विचारायला लागला. मी म्हटलं, आधी टाइल्स काढायच्या. तो म्हणाला, गवंडी बोलावतो.

"गवंडी नको. तुम्ही बसवल्या, तुम्हीच काढा."

तो दारात उभाच राहिला. मी दार लावलं नाही आणि नजरही काढली नाही. शेवटी तो गेला, आणि खालनं छिन्नीचा आवाज यायला लागला.

सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. चेअरमन माझ्या खिडकीखाली उकिडवा बसून एकेक देव सोडवत होता, कपाळाला लावून बाजूला ठेवत होता. मी कपाटावरची डबी काढली. कोपऱ्यावरच्या टपरीवरनं सकाळीच पानं आणली होती. हे लावायचे तसाच विडा लावला, चुना, कात, सुपारी, बडीशेप, आणि तोंडात घातला. मी कधी पान खाल्लेलं नाही, जीभ पोळली. तोंड लालभडक रसानं भरलं तशी मी खिडकीशी गेले.

बरोबर खाली त्याचं टक्कल होतं, सिमेंटच्या भुकटीनं पांढरं झालेलं. नेम धरायचीसुद्धा गरज नव्हती. मी ओणवी झाले. त्यानं वर बघितलं, माझे फुगलेले गाल बघितले, आणि तो हलला नाही. डोळे मिटून तसाच बसून राहिला.

मी त्याला तसाच बसवून ठेवला, चांगला वेळ. मग आत गेले, बेसिनमध्ये थुंकले, तांब्याभर पाणी ओतलं आणि बेसिन पांढरं केलं. आमच्या घरात बेसिनमध्येच थुंकतात.