रुमालानं पुसलेली खुर्ची

लष्करी प्रशिक्षण केंद्रात कवायत शिकवणाऱ्या एका उस्तादाला सगळे तोफखाना म्हणत. तो मैदानावर ओरडला की स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा सावधान होतात, अशी थट्टा चाले. अशा माणसाला वरून हुकूम आला, की आता ओरडायचं नाही. नवी पोरंपोरी खुर्चीत बसून वाढलेली, हाडं कच्ची. त्यांना सुरुवातीला जड बूट घालून पळवू नका. कुणाच्या पायात कळ आली तर हात वर करून बाजूला बसू दे, वर एका शब्दानं बोलू नका.

तोफखान्याच्या हे काही पचनी पडेना. घरी बायकोला म्हणाला, आता अंगाई म्हणायचीच तेवढी राहिलीय. पण हुकूम तो हुकूम. पहिला हात वर आला तेव्हा तो खरंच एका शब्दानं बोलला नाही. त्यानं आपली खुर्ची उचलली, रुमालानं पुसली, सावलीत नेऊन ठेवली आणि त्या पोराला कमरेत वाकून ‘बसा’ अशी खूण केली. अख्खी तुकडी खो खो हसली. नियमही मोडला नाही, म्हणून स्वारी स्वतःवरच खूश.

त्यानंतर एकही हात वर आला नाही. माझ्या तुकडीत कुणाचं काही दुखत नाही, असं तो साहेबांना छाती फुगवून सांगू लागला.

मग एका सकाळी तुकडीतली सगळ्यात चपळ पोर, शिंप्याची लेक, धावताना खाली बसली ती उठलीच नाही. नडगीचं हाड तडकलं होतं. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस दुखत असणार. हाड नीट जुळलं तर पुढच्या तुकडीत, नाहीतर कायमची घरी.

तोफखाना दवाखान्यात गेला. प्लास्टरमधला पाय सावरत ती उठून बसली.

“उस्ताद, मी शेवटपर्यंत हात वर केला नाही.”

चेहरा नुसता फुलला होता. शाबासकीची वाट बघत होती पोर. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चूक माझी आहे,” तो कसाबसा म्हणाला. “ती खुर्ची मी ठेवायला नको होती.”

“पण मीही हसले होते ना, उस्ताद.”

तेवढ्यात नर्सनं कोपऱ्यातली खुर्ची पुसून त्याच्यासमोर ठेवली आणि बसा म्हणाली. भेटीची वेळ संपेपर्यंत तो उभाच राहिला.